चरबीची रेघ

कांद्याच्या मुळाच्या टोकाशी एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा मधली नवी भिंत आधी चरबीच्या पातळ पडद्यानं उभी राहते, हे पुंडलिकाला सिद्ध करायचं होतं. अळणावर गावच्या शेतकऱ्याच्या या तापट पोरानं त्यापायी धारवाडच्या प्रयोगशाळेत चार वर्षं घासली. काचपट्टीवर फक्त चरबीलाच धरणारा काळा रंग चढवला की पेशीच्या मधोमध रेघ उमटायची. एकोणऐंशी सालच्या त्या सोमवारी परीक्षक ती रेघ बघायला येणार होते. दिसली तर डॉक्टरेट, नाहीतर चार वर्षं मातीत.

सकाळी त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रेघ नाही. दुसरी पट्टी, तिसरी, साठच्या साठ कोऱ्या! चरबी अल्कोहोलात विरघळते. म्हणजे कुणीतरी पट्ट्या त्यात बुडवल्या होत्या, आणि पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली शिपाई धोंडिबाकडे.

"कपाट उघडलास तू?"

"उघडलो," म्हातारा म्हणाला.

झालं. पुंडलिकानं मानगूट धरून त्याचं डोकं टेबलावर आपटलं. लोखंडी स्टँड उचलून खांद्यावर घातला. हाड कडकन वाजलं. एक दात फरशीवर पडला, तरी धोंडिबा तोंड उघडेना. पुंडलिकाला मारण्याची गोडी लागली होती, सांगायलाही लाज वाटावी अशी.

तेवढ्यात त्याचे मार्गदर्शक नाडगीर सर हसतच आत आले. "पाहिल्यास पट्ट्या? ग्लिसरिनमधल्या, फार न टिकणाऱ्या कच्च्या पट्ट्या परीक्षकांपुढं शोभतात होय रे? काल अल्कोहोलातून काढून मीच पक्क्या केल्या. तीस वर्षं असंच करतोय." मग त्यांना रक्त दिसलं.

तीस वर्षं सरांनी गुणसूत्रंच पाहिली होती, त्यांना अल्कोहोलानं काही होत नाही. चरबीशी त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी! पुंडलिकाच्या हातातला स्टँड पुन्हा वर गेला, या खेपेला सरांवर, आणि धोंडिबानं धडपडत तो हात धरला.

"सरांनी केलंय हे तुला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर सरांस्नी मारला असतास. तुझी डिग्री गेली असती." धोंडिबा रक्त थुंकला. "मला मारून कुणाची डिग्री जात न्हाई रे, पोरा."

पुंडलिकाला ते खरं वाटलं, म्हणूनच सहन होईना. स्टँड त्यानं खाली ठेवला.

परीक्षकांनी सरांचं ऐकून त्याला आणखी एक वर्ष दिलं. धोंडिबानं जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. त्याचा मार लागलेला हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.