पद्मिनीकाकूंना हवी ती मुलगी

पद्मिनीकाकूंनी मला स्वतःहून मागणी घातली होती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक म्हणतील, पोरीनंच पोराला नादी लावलं. सुश्रुतचं नि माझं दोन वर्षांपासून होतं, पण ते काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी संक्रांतीच्या तिळगुळाला लखनऊच्या महानगर कॉलनीतल्या आपल्या घरी माझ्या आईचा हात धरला आणि म्हणाल्या, तुमची स्वप्ना आम्हाला द्या. इथली सून आणण्यापेक्षा मराठी मुलगी केव्हाही बरी, दगडापेक्षा वीट मऊ. वीट म्हणजे मी.

लखनऊच्या मराठी लोकांची ही एक गंमत आहे. हिंदीवाल्यांच्या गराड्यात राहून राहून 'मराठी' हीच एक जात होऊन बसते. भाकरी करता येते ना, 'अय्या' म्हणता येतं ना, झालं, मग आपल्यातलीच. त्यापुढचं कुणी विचारत नाही. आमचं आडनाव गायकवाड, ते कुठेही खपून जातं. काकूंनी जे समजायचं ते समजून घेतलं, आणि मागणीनंतर तरी त्यांना आमच्या घरचं सगळं सुश्रुतनं सांगितलेलं असणार, असं आम्ही धरून चाललो.

शनिवारी सकाळी सुश्रुत मानक नगरला आमच्या रेल्वे क्वार्टरवर आला. दुसऱ्या दिवशी त्याचे आईवडील बोलणी करायला यायचे होते. आई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. तो बैठकीच्या खोलीत उभा राहिला नि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "यार, सिर्फ कल के लिए इसे अंदर रख दें?"

मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात तिडीक गेली. तू घरी सांगितलं नाहीस का, मी विचारलं. नाही सांगितलं म्हणे. लग्न होऊ दे, मग हळूहळू सांगू. आणि मग शहाण्यानं माझंच शास्त्र मला शिकवलं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. म्हणाला, तूच म्हणतेस ना, दोन वर्णनं एकाच माणसाची असू शकतात? मम्मीला मराठी प्रोफेसर मुलगी हवी आहे. ती प्रोफेसर तू. शामराव गायकवाडांची मुलगीही तूच. माणूस तर एकच आहे, मग कुठल्याही नावानं सांगितलं तर बिघडलं कुठं?

त्याला अर्धाच धडा आठवत होता. वर्णनं दोन नि माणूस एक, हे खरं. पण 'हवं असणं' त्या माणसाला चिकटत नाही, वर्णनाला चिकटतं. मी वर्गात सांगते, आमच्या शेजारच्या काकांना चौकातल्या भेसळवाल्या दूधवाल्याला बदडायचंय. तोच दूधवाला त्यांच्या होणाऱ्या जावयाचा बाप आहे, हे त्यांना माहीत नाही. म्हणून त्यांना व्याह्याला बदडायचंय, असं म्हणता येईल का? पोरं हसतात. मला त्या शनिवारी हसू आलं नाही.

"तुझ्या आईला हवी ती मुलगी मी नाही," मी म्हटलं. "ती त्यांच्या डोक्यात आहे. तिला फक्त माझा चेहरा लावलाय."

तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीचा क्लास घेतेस.

एवढ्यात बाबा आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ज्या माणसानं ऑफिसातल्या साहेबांसमोर कधी जात लपवली नाही, प्रमोशन अडलं तरी लपवली नाही, तो माणूस स्टुलावर चढला. तसबीर उतरवली, सदऱ्यानं काच पुसली. आई झारा हातात घेऊन दारात आली नि तिच्या डोळ्यांना धार लागली. मी म्हटलं, बाबा, परत लावा. ते म्हणाले, "एका दिवसाचं तर आहे बाळा. तुझं होऊ दे."

त्या वाक्यानं माझा जीव तुटला. त्यांना एवढं लहान मी कधी पाहिलं नव्हतं. सुश्रुतच्या चेहऱ्यावर मात्र हायसं वाटल्याचं दिसलं, आणि तिथेच माझा निर्णय झाला. मी त्याच्यासमोर काकूंना फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, काकू, उद्या येण्याआधी एक सांगायचंय, आम्ही बौद्ध आहोत.

काकू अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं, आधी नाही का सांगायचं? आम्ही तुला आपली समजत होतो." मग त्यांनी विचारलं, सुश्रुत आहे का तिथे, त्याला दे.

मी फोन पुढे केला. गेल्या दोन्ही चौदा एप्रिलला हा मुलगा आमच्या घरी जेवला होता, बाबांबरोबर मिरवणुकीत चालला होता. बाबा तसबीर छातीशी धरून तसेच उभे होते. काकूंनी विचारलं, तुला हे ठाऊक होतं का रे?

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"नहीं मम्मी," तो म्हणाला, "मुझे भी अभी पता चला."