वॉन्डा, मी आणि ब्रेंटसाहेबांची चिठ्ठी

सोफ्याचं जाड चामडं शिवणारी मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. ओहायोतल्या टोलेडो शहरात, सोफ्यांच्या कारखान्यात, वॉन्डा पिएत्राकने माझ्यावर एकतीस वर्षं काम केलं. पट्टा सुटला की ती मला शिव्या घालायची, आणि मग तेल. टाका सरळ पडे. कौतुक मात्र तिचंच होई.

मग ब्रेंट नावाचे नवे साहेब आले. वॉन्डाला बासष्ट लागलं त्याच आठवड्यात त्यांनी तिला कामावरून काढलं आणि निरोपाची भेट म्हणून मला तिच्या गळ्यात मारलं. माझ्या अंगावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'दोघी म्हाताऱ्यांनी आता आराम करा. इथे तरुण हात हवेत.' खाली झोकदार सही.

मला गाडीत चढवताना ते तरुण हात घामाघूम झाले, याचं मला अजून समाधान आहे.

पुढचे नऊ महिने वाईट गेले. वॉन्डाला कुठे काम मिळेना आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल फिटेना. मी गॅरेजात धूळ खात पडले. माझ्यावर फुलांच्या कुंड्या आल्या. शेवटी वॉन्डाने दिवाळखोरीचा अर्ज करायचं ठरवलं. वकील ग्रिम्सबाई घरातल्या वस्तूंची यादी करायला आल्या.

"ही मशीन जाईल का हो?" वॉन्डाने हळूच विचारलं.

"पोटापाण्याचं हत्यार आहे, कायद्याने तुमच्याकडेच राहील. किंमत काय लिहू?"

"साठ डॉलर. कुंड्या धरून."

मला फार लागलं ते.

ग्रिम्सबाईंनी कुंडी बाजूला केली, चिठ्ठी वाचली आणि खालीच बसल्या. "अहो, हे आधी का नाही दाखवलंत?"

"त्यात काय दाखवायचं? उद्धट आहे मेला."

"चाळिशीपुढच्या माणसाला वयावरून काढता येत नाही. तक्रारीला पंचवीस दिवस उरलेत. आणि हा दावा दिवाळखोरीच्या यादीतही लिहायचा. लपवलात तर दावाही जाईल आणि कर्जमाफीही."

चिठ्ठीसकट माझे फोटो निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

कोर्टाने वॉन्डाचं देणं माफ केलं. तक्रार झाल्यावर कारखान्याने पैसे देऊन तडजोड केली. दिवाळखोरीच्या नियमाने त्यातला काही वाटा रुग्णालयाला गेला, उरलेला तिला मिळाला. नोकरीवर परत या, असा कारखान्याचा फोनही आला.

"गुडघा तेवढा नवा आहे," वॉन्डा म्हणाली, "बाकी मी जुनीच आहे. माझ्याकडे आता वेळ नाही."

खरंच नव्हता. आम्ही दोघी गॅरेजात होड्यांच्या गाद्या शिवत होतो.

मित्रांनो, कुणाचंही वय विचारण्याआधी त्याचा एक टाका बघा. आणि अन्याय झाला तर बोला. मला तोंडच नाही. वॉन्डाला होतं, तरी ती नऊ महिने गप्प बसली. तुम्ही बसू नका.