‘इन’ म्हणजे आत

रघुरामराव मास्तरांच्या हाती पडलेला शब्द सबंध म्हणून परत जायचा नाही. कुंभकोणमच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाल्यावर ओसरीवर शिकवण्या धरल्या, पण पद्धत तीच. शब्द शेवग्याच्या शेंगेसारखा मोडायचा. पुढचा तुकडा वेगळा, मागचा वेगळा, मधला गर कोणता ते बघायचं, की अर्थ आपसूक हाती येतो. तुकडा चुकीचा पाडणाऱ्याची मात्र खैर नसायची. बायको गोमती आत चुलीपाशी. तिला इंग्रजी येत नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, त्यांनीसुद्धा.

म्हणून तर तंजावरच्या डॉक्टरांशी ते तिच्यादेखत इंग्रजीत बोलले. घरातली मराठी आणि बाहेरची तमिळ, दोन्हींत ती पक्की. लपवायला तिसरीच भाषा उरली होती. तिच्या पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर एकच शब्द म्हणाले, "इनऑपरेबल."

परतीच्या गाडीत सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन मागे पडलं तशी गोमतीनं विचारलं, "अहो, इनऑपरेबल म्हणजे काय?"

रघुरामरावांनी शब्द मोडायला घेतला. "ऑपरेबल म्हणजे ऑपरेशन करण्याजोगं," ते म्हणाले. "आणि इन म्हणजे आत. आतल्या आत करतात. वरून चिरफाड नाही."

"असं होय," म्हणून ती बाहेरची शेतं बघत बसली. जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी शब्द मुद्दाम चुकीचा मोडला होता. लाज वाटायची ती राहिली बाजूला, त्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवकामी आली. ती तिरुभुवनमच्या एका सोसायटीत रेशमी साड्या विकायची आणि गिऱ्हाइकांपुरतं इंग्रजी शिकायला यायची. आज तिचं तोंड उतरलं होतं.

"सार, दिल्लीच्या बाईंनी इनएक्स्पेन्सिव्ह साडी मागितली. मी दुकानातली सगळ्यांत भारी काढली, तर त्या उठूनच गेल्या. इन म्हणजे आत ना? मला वाटलं, आतबाहेर महागच हवी असेल."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. खरं सांगावं तर ते भिंतीपलीकडे जाणार, आणि खोटं सांगावं तर ही पोर उद्या पुन्हा गिऱ्हाईक घालवणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मास्तरांची गत झाली.

"बरोबर आहे," ते शेवटी खाली बघत म्हणाले. "इन म्हणजे आतच."

गोमती कॉफी घेऊन बाहेर आली. पेला शिवकामीपुढे ठेवत तमिळमध्ये म्हणाली, "चूक आहे गं. इथे इन म्हणजे नाही. महाग नाही ती. तिला स्वस्तातली हवी होती."

मग ती नवऱ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "पोरीला चुकीचं शिकवू नका. इतकी वर्षं भाजी चिरता चिरता तुमचंच ऐकलंय मी. मला गाडीतच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"खोटं बोलल्यावर तुम्हाला हायसं वाटलं, ते दिसलं मला. म्हटलं, एक दिवस वाटू दे."

मराठी न कळणारी शिवकामी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. गोमती ओसरीवर नवऱ्याशेजारी बसली. शिकवणीच्या वेळी ती अशी कधी बसली नव्हती.

"सार," शिवकामीनं विचारलं, "मग काय लक्षात ठेवू?"

रघुरामरावांनी गोमतीचा हात घट्ट धरला.

"इन म्हणजे नाही," ते म्हणाले.