काडीला न भिणारा सोफा

मी एक जुना सोफा आहे, मित्रांनो. कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या सभागृहात, डाव्या भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. दर गुरुवारी संध्याकाळी इथे कीर्तन होते. ज्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, ते आजी-आजोबा माझ्या मांडीवर बसून टाळ्या वाजवतात आणि मीही त्यांच्याबरोबर डुलतो. हे भाग्य मला फुकट मिळालेले नाही. त्यासाठी आधी माझे पोट फाडावे लागले.

माझा सांगाडा सागवानी. पोटात मात्र पिवळा फोम होता, आग लागू नये म्हणून रसायने घातलेला. दुकानदाराने त्याच फोमच्या एका तुकड्याला पेटती काडी लावली आणि काडीच विझली. बस्स, माझ्या मालकांनी, रावसाहेबांनी, मला घरी आणले. तो तुकडाही मागून आणला आणि शोकेसमध्ये ठेवला. पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे देवघरातली काडेपेटी निघायची.

"अहो, पाहुणे चहाला आलेत, होळीला नाही," त्यांच्या पत्नी विमलाबाई आतून म्हणायच्या.

"अगं, पेटत नाही म्हणूनच तर दाखवतोय!"

काडी विझली, की माझी छाती फुगायची. काडीला न भिणारा सोफा! साऱ्या इमारतीत माझे नाव होते.

वर्षे गेली. मुलाचे लग्न झाले, सून तेजस्विनी आली, नात प्रियदर्शनी झाली. माझे रेक्झिन तडकले, फोमचा चुरा होऊ लागला. रांगायला लागलेली प्रियू माझ्याखालीच घर मांडायची. त्या पिवळ्या धुळीत हात बुडवायची आणि तेच हात चोखायची. मला ते लाड वाटायचे.

विमलाबाईंना कीर्तनाचे भारी वेड. पूर्वरंग संपून बुवा आख्यानाला हात घालतात, तेव्हा पुढे बसून झांज वाजवणारी पोरे हमखास पेंगतात. मग आया त्यांना उचलून भिंतीकडेला नुसत्या फरशीवर निजवतात. विमलाबाईंना ते फार लागायचे. रामनवमीचा कीर्तनसप्ताह जवळ आला, तशी त्यांनी सोसायटीभर घोषणा केली, "यंदा एकही पोर फरशीवर निजणार नाही."

या घरात काही टाकायची पद्धत नाही. त्यांनी माझा फोम कापून काढला, फुलाफुलांची कव्हरे शिवली आणि छोट्या गाद्यांची चळत रचली. सप्ताह दोन दिवसांवर होता.

तेजस्विनी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सकाळी निघता निघता तिने ती चळत पाहिली आणि पर्स खाली ठेवली.

"आई, या गाद्या पोरांना नकोत."

"का गं? कव्हरं धुऊन घेतली आहेत."

"कव्हरं नाही, फोम. आग लागू नये म्हणून यात जी रसायनं घालतात, ती फोमला घट्ट धरून राहत नाहीत. हळूहळू बाहेर येतात, धुळीत मिसळतात. रांगणारं मूल हात तोंडात घालतं. त्यातली काही रसायनं वाढत्या मेंदूला चांगली नाहीत."

रावसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केले. "वीस वर्षं आम्ही यावर बसलो. काय झालं आमच्या मेंदूला?"

"ते मी सांगू का?" विमलाबाई म्हणाल्या.

रावसाहेब चिडले. "आणि कापूस भरलात नि निरांजनाची ठिणगी पडली, तर? सूनबाईंची पदवी विझवणार का ती?"

प्रश्न खरा होता. मीही मनात म्हटले, वा! मग त्यांनी चळतीतली एक गादी उचलली आणि खिडकीशी दणदण आपटली. "बघा! कुठे आहे धूळ?"

कोवळे ऊन आत आले होते. त्या उन्हात पिवळा ढग उठला, झगमगला. प्रियू आनंदाने चीत्कारली आणि तोंड उघडे ठेवूनच त्याच्याकडे भराभर रांगत गेली. खाली बसलेली धूळ तिने मुठीत घेतली. मूठ ओठाशी गेली, तोच रावसाहेबांनी तिचे मनगट धरले. ती इवलीशी पिवळी मूठ ते बघत राहिले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "कात्री कुठे आहे?"

प्रियूचे हात साबणाने धुऊन त्यांनी स्वतः टाके उसवले. नाकाला रुमाल, ओल्या फडक्याने फरशी. सगळा फोम पिशव्यांत घट्ट बांधला. तो जाळायचा नाही, तसे सांगूनच कचरा नेणाऱ्यांकडे द्यायचा असे ठरले. विमलाबाई मात्र रिकामी कव्हरे मांडीवर घेऊन बसल्या. "साऱ्या आयांना शब्द देऊन बसलेय हो मी. आता पोरं पुन्हा फरशीवरच."

रावसाहेब कव्हरे घेऊन गाद्या भरणाऱ्या संपतकडे गेले आणि त्याला घेऊनच परतले.

"दोन दिवसांत, आजोबा? कापूस काय मी फुंकर मारून पिंजू?"

"कीर्तनात झोपणाऱ्या पोरांसाठी आहेत रे."

संपत थांबला. "माझी पोरगीबी तिथंच झोपते. द्या इकडं. पण हे कापड पातळ हाय, वरून घट्ट विणीचं जाड कापड लावतो." जाता जाता त्याने माझा रिकामा सांगाडा ठोकून पाहिला. "अस्सल सागवान! याला भंगारात कोण घालतंय? काथ्या-कापूस भरतो."

मित्रांनो, माझा पुनर्जन्म असा झाला आणि रावसाहेबांनी मला या सभागृहात आणून ठेवले.

आणि ठिणगीचे काय? सासरा-सुनेने मिळून तोड काढली. निरांजन दगडी कट्ट्यावर, पोरांच्या गाद्या कट्ट्यापासून लांब डाव्या भिंतीकडेला, भिंतीवरचे आग विझवायचे नळकांडे नव्याने भरून. शिवाय कट्ट्याशी वाळूची बादली घेऊन स्वतः रावसाहेब!

"वैकुंठाचे जय-विजय ऐकले होते," यज्ञेश्वरबुवा बुक्का लावताना म्हणाले. "बादलीवाले द्वारपाल आजच पाहिले."

सप्ताहाच्या त्या पहिल्या दिवशी ध्रुवाचे आख्यान होते. बापाच्या मांडीवरून उठवलेला तो पोर रडत आईकडे निघाला आणि बुवांची नजर डाव्या भिंतीकडे गेली. कापसाच्या गाद्यांवर पोरांची रांग निजली होती. टोकाला प्रियू, गालाखाली स्वच्छ तळवा. बुवांनी झांजा थांबवल्या, तबलजीला हाताने खूण केली. "हळू वाजवा. आपल्या ध्रुवांना मांडी मिळालीय."

विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी जयघोषाने सभागृह दुमदुमले, पण एकही पोर जागे झाले नाही!

मित्रांनो, तुमच्या घरी नवा सोफा किंवा गादी घ्यायची असेल, तर दुकानदाराला आधी विचारा, यात आगरोधक रसायने आहेत का? ती नसलेली वस्तू मागा. आगीपासून जपायला दिवा दूर ठेवा आणि लक्ष जागे ठेवा. फाटका फोम उसकटून खेळू नका, खाण्याआधी हात धुवा.

रावसाहेबांची काडेपेटी आता देवघरातच असते. कीर्तनाला कोणी नवे आले, की ते त्याला माझ्याजवळ आणतात, खिडकीतल्या तिरप्या उन्हात मला जोरात थोपटतात आणि म्हणतात, "बघा, काही उडतंय का?"

काहीच उडत नाही. माझी छाती मात्र पुन्हा फुगते.