निवडणूक लवकर होत आहे

ग्रंथपालबाई पुस्तकाच्या कण्याला डिंक लावत होत्या, तेवढ्यात त्यांची नणंद धापा टाकत जिना चढून आली.

"वहिनी, आधी खिडकीतून बघा. नाल्यावर ट्रक आलाय!"

बाईंनी ब्रश तसाच बशीत ठेवला आणि खिडकी गाठली. खाली मोडक्या पुलापाशी सळ्या, वाळू, सिमेंटची पोती उतरत होती. तीन वर्षांपूर्वी पुराने पुलाचा मधला तुकडा नेला, तेव्हापासून पलीकडच्या वस्तीला वाचनालयात यायचं तर मैलभराचा वळसा पडे. म्हातारी माणसं यायची बंदच झाली. बाईंनी अर्ज केले, चपला झिजवल्या; उत्तर एकच, 'बघू'.

आज मात्र खुद्द नगरसेवक पुलाच्या टोकाशी उभे राहून फोटो काढून घेत होते. शेजारी नगरपालिकेचे इंजिनियर, हातात नकाशा.

"अचानक कसं सुचलं यांना?"

"अचानक कसलं? निवडणूक लागली ना! सगळीकडे फिरतंय." नणंदेने मोबाइल पुढे केला.

बाईंनी चष्मा सारखा केला. संदेश त्यांचाच होता, सोमवारी सभासदांच्या गटावर टाकलेला. 'यंदा निवडणूक लवकर होत आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. सर्वांनी मतदान करावे.' 'वाचनालयाच्या कार्यकारिणीची' एवढे दोन शब्द लिहायचे राहिले होते. तो कुणीतरी गल्लीच्या गटावर टाकला, गल्लीतून तो गावभर झाला, आणि वाटेत कुणी त्याला 'खात्रीलायक गोटातून' अशी शेपटीही जोडली. नगरपालिकेची तारीख केव्हाही जाहीर होईल अशी हवा होतीच.

बाईंनी आपली चूक सांगितली तशी नणंद पोट धरून हसली. "अहो, बारा अर्जांनी झालं नाही ते एका चुकीनं झालं! आता तोंडाला कुलूप लावा. पूल होऊ दे."

"लोकांना चुकीचं कळलंय, वन्सं."

खाली पहिली पहार पडली. त्या आवाजासरशी बाईंच्या ओठांचे कोपरे हलले, पण बोटं मोबाइलवर चालत राहिली. माफीसकट दुरुस्ती लिहून त्यांनी ती ठाऊक असलेल्या प्रत्येक गटावर टाकली.

ती कुणी पुढे पाठवलीच नाही. चुकीच्या बातमीला पाय होते. दुरुस्ती जागच्या जागी बसून राहिली.

नगरसेवकांच्या कानावर खरा प्रकार गेला तो तीन आठवड्यांनी. ते तरातरा पुलावर आले. तोवर स्लॅब पडून पक्का झाला होता, आणि पलीकडून माणसं नुकतीच चालत येऊ लागली होती. एका आजीने त्यांचे दोन्ही हात धरले.

"मी गेल्यावरच होणार म्हणत होते रे लेकरा. दाखवलंस मला."

नगरसेवकांनी मग कठड्याला रंग कुठला हवा, ते आजीलाच विचारलं.

पहिल्या रविवारी वाचनालयाच्या जिन्यावर रांग लागली. एरवी तीस-पस्तीस मतं पडत; दुपारपर्यंतच पेटीत शंभरावर चिठ्ठ्या गेल्या. आजी-आजोबांबरोबर आलेली नातवंडं कपाटांमधून पळत होती आणि बाई आज कुणालाही 'शांतता पाळा' म्हणत नव्हत्या. नणंद मतपत्रिका देत होती, बाई यादीत खुणा करत होत्या.

"सभासद क्रमांक?"

"एक्क्याण्णव."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून बाईंनी मान वर केली. समोर इंजिनियर उभे होते.

"तुम्ही सभासद आहात?"

"सात वर्षं झाली. राहतो पलीकडे. मधे येणं सुटलं होतं."

बाईंची पेन्सिल थांबली. "म्हणजे माझा तो संदेश…"

"सोमवारीच मिळाला. छापील सूचनाही आली होती घरी, वाचनालयाच्या शिक्क्याची."

"मग निवडणूक कुठली ते तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं! नगरसेवकसाहेबांना बोलला नाहीत?"

"त्यांनी ते विचारलंच नाही, बाई. पुलाची फाइल कुठाय, एवढंच विचारलं." इंजिनियर मतपत्रिकेसाठी हात पुढे करत म्हणाले, "ती तर मी तीन वर्षं काखेत घेऊन फिरत होतो."

नणंदेने तोंडाला पदर लावला. बाईंनी मान खाली घातली आणि एक्क्याण्णवपुढे खूण केली, इतरांपेक्षा जरा ठळक.