खाली न बसणारी पूड

फरहीन मुजावर चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. बॅटरीसाठी लागणारी निकेल ऑक्साइडची भुकटी तिथं तयार होई. ग्राहकाला ती आता कितीतरी पट बारीक हवी होती, आणि ते काम फरहीनकडे आलं.

द्रावणात स्फटिक तयार झाला की तो वाढतच जातो. त्याला नेमक्या वेळी थांबवायचं होतं. कॉस्टिक सोडा किती हळू सोडायचा, द्रावण किती तापवायचं, स्फटिकाच्या अंगाला चिकटून त्याची वाढ रोखणारं रसायन कधी घालायचं, यात तिची दोन वर्षं गेली. शेवटी बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाखाली काढलेली छायाचित्रं आली. सगळे कण एकसारखे, केसाच्या जाडीच्या दोन हजाराव्या भागाएवढे. पिंपरीत गॅरेज चालवणाऱ्या अब्बांना तिनं ती दाखवली, तेव्हा चष्मा वर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले.

वाळलेली भुकटी ड्रममध्ये भरायचं काम ज्योतीरामकडे होतं. मूळचा उदगीरचा, बायको अंबूबाईबरोबर कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहणारा. नवा माल सुरू होऊन आठवडा झाला असेल, तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, आधीची पूड खाली बसायची. ही बसतच न्हाई."

फरहीननं जाऊन पाहिलं. उन्हाच्या तिरिपेत धूर तरंगावा तशी भुकटी तरंगत होती. ज्योतीरामच्या तोंडाला नेहमीचा कापडी मास्क होता. भरण्याच्या जागेला बंद कक्ष हवा, असं तिनं व्यवस्थापक सोपानरावांना सांगितलं. पुढच्या तिमाहीत बघू, असं ते म्हणाले आणि सुरक्षेचा कागद तिच्यापुढं सरकवला. पदार्थ तोच आहे, मग जुन्याच नियमांवर सही करायला काय हरकत, असा त्यांचा सवाल होता. पदार्थ तोच होता, हे खरं होतं. पण इतका बारीक झाला की तो तसा वागत नाही, हे त्या इमारतीत फक्त तिला ठाऊक होतं. पहिली खेप त्याच दिवशी निघायची होती. तिनं सही केली.

तीन महिन्यांत ज्योतीरामला जिना चढवेना. कंपनीनं त्याच्या तंबाखूच्या सवयीवर बोट ठेवलं. अंबूबाईनं त्याला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा ओठ निळे पडले होते. कामावर कसली धूळ असते, असं डॉक्टरांनी विचारलं. कंपनीनं दिलेल्या कागदावर नुसतं 'भुकटी' लिहिलेलं होतं.

हे कळताच फरहीन छायाचित्रं आणि कणांच्या मापाचा अहवाल घेऊन गेली. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. एवढे लहान कण फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात, असं ते म्हणाले. आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, हे तिनं विचारलं. त्यांनी अहवाल ज्योतीरामच्या फायलीत लावला.

दवाखान्यात आणल्यापासून नवव्या दिवशी ज्योतीराम गेला.

बाहेरच्या बाकावर अंबूबाई बसली होती. फरहीन शेजारी बसली. काही न सांगता उठून जाणं तिला जमेना. स्फटिक कसे वाढतात, आपण ते कसे थांबवले, सही कुणी केली, सगळं तिनं सांगितलं.

"मग मोठंच ऱ्हाऊ द्यायचं होतं की, बाई," एवढंच ती शेवटी म्हणाली.

फरहीननं कारखाना निरीक्षकांकडे लेखी जबाब दिला. स्वतःच्या सहीचं वाक्य गाळ, नाहीतर तूच अडकशील, असं सोपानरावांनी फोन करून समजावलं. तिनं ते गाळलं नाही. त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली.

बंद कक्ष पुढं वीस दिवसांत बसला. माल अजूनही तिच्याच पद्धतीनं निघतो. चौकशीची नोटीस आली तेव्हा अब्बांनी ती मोठ्यानं वाचायला घेतली आणि मधेच थांबले. तिचं नाव त्यात दोन ठिकाणी होतं, एकदा तक्रारदार म्हणून आणि एकदा जबाबदार अधिकारी म्हणून.