बोंबलाच्या कालवणाचा दोष

कालवणाच्या रिकाम्या तवीच्या तळाशी डाव खरडला, तशी उंबऱ्याशी पेंगलेली मालन दचकून उठली.

चुलीपाशी तिची सासू सोनूबाई तवीच्या काठावरून बोटं फिरवत बसली होती. "कालवण कुठं गो? घरात म्हावरं नाय?"

"आजपासून पथ्य, आय. यंदा काटासुद्धा घरात येणार नाय."

"हां. या खेपेला तरी ध्यान ठेव, बाय."

तो ठपका दोन वर्षं मालनला माशाच्या काट्यासारखा रुतून होता. दोन वर्षांपूर्वी शिवडीच्या कोळीवाड्यात मोतीबिंदू काढणारा वैदू आला होता. अंगणात मालनने सासूचं डोकं मांडीवर घट्ट धरलं आणि वैदूने डाव्या डोळ्यात सुई घातली. घटकाभरात सोनूबाईला दिसायला लागलं! वैदूने बोटं दाखवली, म्हातारीने 'तीन' म्हणून सांगितलं. बायका रडल्या. जाताना वैदूने पंधरा दिवस मासे बंद करायला बजावलं. चौथ्या दिवशीच वरणभात बघून सोनूबाई रुसली, मालनला कळवळा आला, आणि तिने बोंबलाच्या कालवणाचे दोन घास भरवले. आठवड्याने डोळा लाल झाला, ठणकला, विझला. वैदू कधीच पुढच्या गावाला गेला होता. सगळ्या आळीने कालवणाला दोष दिला, म्हणजे मालनला. त्या दिवसापासून तिने बोंबील तोंडात घातला नव्हता.

आता उजवा डोळाही दह्यासारखा पांढरा झाला होता. तोच वैदू परळला उतरला होता, आणि उन्हं कलायच्या आत येणार होता. नवरा जयवंत दर्यावर. मालनने भांडी तीनदा राखेने घासली, सुक्या बोंबलांच्या माळा शेजारी दिल्या, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सारखी दाराशी जायची, परत यायची. पाच वर्षांची लेक हिरू तिच्या मागे मागे.

दारात फ्लोरी उभी राहिली. सरकारी इस्पितळात डोळ्यांच्या वार्डात आया होती ती. सुट्टीच्या दिवशी मासे न्यायला यायची.

"दोन पापलेटं दे गो, मालन."

"आज म्हावरं नाय."

"कोळणीच्या घरात म्हावरं नाय? उद्या म्हणशील, दर्यात पाणी नाय!"

मालनने कारण सांगितलं. फ्लोरीचं हसू मावळलं. तिने टोपली खाली ठेवली.

"सुई घालून मोती आत ढकलतो, तोच ना?"

"ढकलतो कुठं? काढतो."

"काढलेला मोती बघितलास तू?"

मालनने बघितला नव्हता. कुणीच मागितला नव्हता.

"खाली ढकलतो गो. वाट मोकळी होते, घडीभर दिसतं. मग मळक्या सुईने, नाय तर आत पडल्या मोत्याने डोळा नासतो. आमच्याकडे दर महिन्याला येतात असे, पण मेल्या डोळ्याला डॉक्टर काय करणार? वेळेवर आलं तर डॉक्टर मोती कापून बाहेर काढतो. बशीत पडतो, मसुराएवढा. मी बघते ना."

"आणि... कालवणाने?"

"कसल्या?"

"बोंबलाचं. चौथ्या दिवशी मीच भरवलेलं."

"अगो वेडे, पट्टीवाल्यांना मीच भरवते चौथ्या दिवशी, माशांचं कालवण!"

मालनला हलकं वाटायला हवं होतं. पण तळहातांना ते डोकं आठवलं, सुई आत जाताना ताठरलेलं, आणि तिने अजून घट्ट धरलेलं.

"आयला नक्की दिसेल?"

"नक्की कोण सांगेल? दहातल्या आठ-नऊ जणांना दिसतं. पण आठ दिवस पट्टी बांधून उताणं पडून राहायला लागतं."

"इस्पितळात माणसं मरतात," आतून सोनूबाई म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी रोज तिथंच असते, आजी. भूत दिसते काय?"

"मला कुठं दिसतंय तू काय दिसतेस ते!" म्हातारी खेकसली. मग भिंत चाचपत ती दाराशी आली. "मालन... दोन वर्सं मी तुला उगीच बोलले?"

मालनने तिचा पदर सारखा केला.

"लुगडं काढ. चांगलं काढ. डॉक्टराला कळू दे कोण आलीय."

मागच्या दाराने चौघी इस्पितळाकडे निघाल्या. बोंबील वाळवायच्या बांबूंपाशी पोचल्या, तोच आळीच्या तोंडाशी हाक उठली, "मोतिबिंद काढतो, मोतिबिंद!"

सोनूबाईचे पाय थांबले. वळली असती, तर आज संध्याकाळीच तिला हिरूचं तोंड दिसलं असतं.

"बोटं मोजलेली मी, मालन. तीनच होती."

"तीनच होती, आय."

म्हातारीने सुनेचा दंड घट्ट धरला आणि पाऊल पुढे टाकलं. मागे त्यांच्या बंद दारावर थाप पडली. एकदा. दोनदा. मग हाक पुढे सरकली.

हिरू चालता चालता मान वळवून बघत होती.

"आये, आता तो कोणाच्या घरी जाईल?"